नेट नसलेल्या लॅबमध्ये व्हीएलसी टाकायचंय, डेब फाईल बसेना

जतचे_गुरुजी:
नमस्कार मंडळी, जत तालुक्यात आमच्या शाळेची लॅब आहे, सगळ्या मशीनवर उबुंटू लिनक्स 22.04, नेट नाही. पोरांना विज्ञानाचे व्हिडिओ दाखवायचेत म्हणून सांगलीत एका ओळखीच्याकडं उबुंटूच्या पॅकेज साइटवरून व्हीएलसी ह्या व्हिडिओ प्लेअरची डेब फाईल (उबुंटूवर प्रोग्राम बसवायची फाईल) उतरवली आणि पेनड्राइव्हवर आणली. ती बसवायला डीपीकेजी मायनस आय ही कमांड दिली तर डिपेंडन्सीची, म्हणजे आधी लागणाऱ्या दुसऱ्या पॅकेजांची, लांबलचक यादी. मागितलेल्या काही फाईली परत जाऊन आणल्या तर आता म्हणतंय लिबसी6 ही लायब्ररी 2.38 पाहिजे, तुमच्याकडं 2.35 आहे. हे लिबसी पण आणून टाकू का?

मिरज_जंक्शन:
सर डीपीकेजीला फोर्स-ऑल लावून बघा, म्हणजे तक्रारी न ऐकता जबरदस्तीनं, बसतंय.

कराडचा_टक्स:
गुरुजी, फोर्स अजिबात लावू नका आणि लिबसीला तर हातच लावू नका. मशीनवरचा जवळपास प्रत्येक प्रोग्राम त्याच्यावर चालतो, ते बिघडलं तर टर्मिनलसुद्धा उघडणार नाही. 2.35 हे 22.04 चंच आहे, म्हणजे तुमच्या मशीनमध्ये काही खोट नाही, फाईल 24.04 ची उतरवली गेलीय. त्या साइटवर जॅमी म्हणजे 22.04 आणि नोबल म्हणजे 24.04, तिथं गफलत होते. आधी अर्धवट बसलेलं काढा, सुडो (म्हणजे ॲडमिनच्या हक्कानं) डीपीकेजी मायनस आर व्हीएलसी, आणि बाकी ज्या फाईली बसवायचा प्रयत्न केला त्यांची नावं पण त्याच्यापुढंच द्या, याला नेट लागत नाही.

आणि एकेक फाईल शोधत सांगलीच्या खेपा कशाला, डीपीकेजी फक्त दिलेली फाईल बसवतं, राहिलेलं काय ते आणून देत नाही, ते काम एपीटी ह्या दुसऱ्या कमांडचं. एका मशीनला मोबाईल यूएसबी केबलनं लावा, टेदरिंग (मोबाईलचं नेट मशीनला देणं) चालू करा, मग सुडो एपीटी-गेट अपडेट आणि सुडो एपीटी-गेट इन्स्टॉल व्हीएलसी. एपीटी-गेटच वापरा बरं का, नुसतं एपीटी दिलं तर बसवून झाल्यावर उतरवलेल्या फाईली पुसून टाकतं.

जतचे_गुरुजी:
आणि बाकीची मशीनं? सगळ्यांना मोबाईल लावत बसलो तर डेटा पुरणार नाही.

कराडचा_टक्स:
म्हणूनच तर एपीटी-गेट म्हणालो. पहिल्या मशीनवर व्हार, कॅश, एपीटी, अर्काइव्हज असं एकात एक फोल्डर आहे, सगळ्या डेब फाईली तिथं पडलेल्या असतात. त्या पेनड्राइव्हवर घ्या, दुसऱ्या मशीनवर डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरात टाका, टर्मिनल त्याच फोल्डरात उघडा आणि सुडो एपीटी इन्स्टॉल, स्पेस, डॉट स्लॅश स्टार डॉट डेब. डॉट स्लॅश विसरायचं नाही, नाहीतर ते फोल्डरातली फाईल न बघता पॅकेजच्या यादीत नाव हुडकत बसतं. कुठं एखादी कमी पडली तर नाव सांगेल, तेवढीच मोबाईलवरून घ्या.

जतचे_गुरुजी:
पहिल्यावर बसलं, आवाजासकट चालतंय! एक मशीन मात्र 20.04 निघालं, त्याला ह्याच फाईली चालतील?

कराडचा_टक्स:
नाही, त्याला परत मोबाईल लावून त्याचंच घ्यायला लागेल.