श्रावणातली वाहाकाची सहल आणि मांतेकाचा प्रश्न

माईआत्या: इथे मेक्सिकोतल्या वाहाकात शनिवारचे रात्रीचे साडेनऊ वाजले आहेत; तुमच्याकडे रविवारची सकाळ उजाडली असेल. मला झोप लागत नाही, म्हणून लिहिते आहे. आज दुपारी बाजारात आम्हाला त्लायुदा दिला. परातीएवढी पातळ, कडक भाजलेली मक्याची भाकरी, तिच्यावर काळ्या घेवड्याचे वाटण, चीज आणि चिरलेला कोबी. यात मांस आहे का, असे मी दोनदा विचारले आणि गाइड मुलीने दोन्ही वेळा नाही म्हणून सांगितले. अर्धा खाऊन झाल्यावर वहिनीने बाजूच्या बाईंना विचारले, तेव्हा कळले की भाकरीवर सर्वांत आधी जो तपकिरी थर फासतात तो डुकराच्या चरबीचा असतो. तूप कढवल्यावर तळाशी बेरी उरते ना, तशी ती चरबीची बेरी. श्रावण चालू आहे हे दादाला निघण्यापूर्वीच सांगितले होते. मला कोणाला दोष द्यायचा नाही, पण मनाला फार लागले आहे.

दादा: आत्या, मी शेजारच्याच खोलीत आहे, तरी सर्वांसमोर लिहितो, कारण चूक सर्वांसमोर मान्य करायला हवी. सहल कंपनीला तुमच्या आहाराबद्दल तीन वेळा कळवले होते आणि ‘शाकाहारी पर्याय उपलब्ध’ असे उत्तरही आले होते. त्या उत्तरावर विसंबून मी स्वतः चौकशी केली नाही, याचे मला वाईट वाटते.

नानाकाका: कार्यक्रमपत्रिकेच्या चौथ्या पानावर शाकाहारी भोजनाची सोय असल्याचे स्पष्ट लिहिलेले आहे. शाकाहारी या शब्दाचा कंपनीला अभिप्रेत असलेला अर्थ तिने लेखी कळवावा.

नाशिकच्या काकू: वन्सं, मनाला लावून घेऊ नका. नकळत घडले त्याचा दोष नसतो. सहलीचे ठरले तेव्हा आम्हालाही एका शब्दाने विचारले असते, तर मी सोबत आले असते आणि मेतकूट, दशम्या, भाजणी सगळे बांधून आणले असते. पण ते असो. हंपीच्या वेळचा विषय मी पुन्हा काढत नाही.

दादा: काकू, या गटावर १४ मार्चला मी सविस्तर संदेश टाकला होता आणि आठ दिवस उत्तराची वाट पाहिली होती. तुम्ही आला असता तर आम्हाला आनंदच झाला असता.

नाशिकच्या काकू: गटावर टाकणे आणि घरी फोन करून विचारणे यांत फरक असतो, एवढेच मला म्हणायचे आहे.

बापूमामा: वहिनीने काल पाठवलेल्या छायाचित्रात टोपलीभर तळलेले टोळ दिसत आहेत. आमच्याकडे सांगलीला टोळधाड आली की ताटे बडवून पळवून लावतात. तुमच्याकडे लिंबू पिळून वाढतात. माझ्यासाठी पावशेर आणा, बघतो तरी.

वहिनी: मामा, ते तळलेले नसतात, तव्यावर लसूण, मीठ आणि लिंबू घालून खरपूस भाजलेले असतात. त्यांना चापुलिनेस म्हणतात. मी खाल्ले; आंबट-खारट आणि कुरकुरीत लागले आणि मला आवडले. आत्यांच्या ताटाजवळ मात्र ती टोपली येऊ दिली नाही.

नानाकाका: मूळ मुद्दा बाजूला पडत आहे. कार्यक्रमपत्रिकेच्या चौथ्या पानावर शाकाहारी भोजनाची सोय असल्याचे स्पष्ट लिहिलेले आहे. कंपनीने लेखी खुलासा करावा आणि तोपर्यंत पुढील हप्ता रोखावा.

ताई (मेक्सिको सिटी): मी आत्ता हे सगळे वाचले. आत्या, तुमचा त्रास मला नेमका समजतो, कारण सहा वर्षांपूर्वी इथे राहायला आले तेव्हा पहिले दोन महिने मीही याच फेऱ्यात होते. गाइड मुलगी खोटे बोलली असे मला वाटत नाही. इथे ‘कार्ने’ नाही असे म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर मांसाचा तुकडा येतो, बहुतेकदा गाईचा. कोंबडीचा रस्सा किंवा चरबी त्यात मोडते असे त्यांच्या मनातही येत नाही. म्हणून ‘मांस आहे का’ हा प्रश्नच इथे उपयोगाचा नाही. विचारायचे ते तीन गोष्टींबद्दल. एक मांतेका, म्हणजे डुकराची चरबी, जी परतलेल्या घेवड्यात, तामाल म्हणजे पानात गुंडाळून वाफवतात त्या मक्याच्या पिठात आणि पुष्कळदा गोड पावातही असते. दुसरे काल्दो दे पोयो, म्हणजे कोंबडीचे पाणी, ज्यात तांबडा भात शिजवतात आणि ज्याने मोले, म्हणजे मिरच्यांच्या वाटणाचा दाट रस्सा, पातळ करतात. आणि वाहाकात तिसरे असिएंतो, म्हणजे आज तुमच्या त्लायुदावर होती ती बेरी. ती न लावता त्लायुदा मागितला तर कोणीही आनंदाने करून देते.

नाशिकच्या काकू: म्हणजे भातातही आणि पावातही? मग त्या देशात वन्संनी दहा दिवस खायचे तरी काय? मेक्सिकन जेवण म्हणजे चरबी आणि चीज हे मी आधीच म्हटले होते.

दादा: काकू, तसे नाही. या स्वयंपाकाची परंपरा २०१० साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली, ती मिचोआकान प्रांतातील गावोगावच्या स्वयंपाकिणींचे काम समोर ठेवून. मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात घ्यायचे, मका चुन्यात शिजवायचा, पाट्यावर वाटायचा, हे सगळे त्या नोंदीत आहे. ते पाहण्यासाठीच ही सहल निवडली.

नानाकाका: युनेस्कोने मान्य केलेल्या परंपरेत चरबी असेल, तर उद्या कंपनी परंपरेकडेच बोट दाखवील. म्हणून पुन्हा सांगतो, चौथे पान पाहावे.

ताई: नानाकाका, तुमच्या मुद्द्याला उत्तर याच परंपरेत आहे. डुक्कर हा प्राणी स्पॅनिश लोकांनी इकडे आणला. १५२१ मध्ये आस्तेक लोकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली, त्याच्या मागेपुढेच तो आला. त्यापूर्वी इथे तामाल होते, घेवडा होता, भाकरी होती आणि मोलेसारखी मिरचीची वाटणेही होती, पण डुकराची चरबी नव्हती. लोक टर्की हा पक्षी आणि शिकार खात, ते काही शाकाहारी नव्हते. परंतु मक्याच्या पिठात चरबी फेसून घालणे हे नंतरचे आहे. त्यामुळे आत्यांनी ‘मांतेकाशिवाय द्या’ म्हणणे म्हणजे त्या स्वयंपाकिणीच्या परंपरेचा अपमान करणे मुळीच नाही. चरबीच्या आधीपासून तिच्या घराण्यात जे शिजत आले, तेच आपण मागतो. मला हे कळले तेव्हा माझा संकोच गेला आणि मी मोकळेपणाने विचारू लागले.

माईआत्या: हे वाचून थोडे बरे वाटले. उद्या रविवारचा आठवडी बाजार पाहायला त्लाकोलुला नावाच्या गावी जायचे आहे आणि दुपारी जवळच्या गावात एका बाईंच्या घरी स्वयंपाक पाहायचा आहे. मी जाणार नव्हते. आता जाते.

बापूमामा: माई, जरूर जा. इतक्या लांब जाऊन खोलीत बसू नये.

नाशिकच्या काकू: आणि परवा सोमवार आहे, श्रावणी सोमवार. तिकडचा सोमवार धरायचा की आपला? आपला तर तुमच्या रविवारी संध्याकाळीच सुरू होतो.

नानाकाका: उपवास स्थानिक सूर्योदयाने धरावा. जिथे आपण असू तिथलाच दिवस मोजायचा असतो. यात वादाला जागा नाही.

नाशिकच्या काकू: वाद मी घातलेला नाही, फक्त विचारले.

वहिनी: इथे रविवारचे रात्रीचे साडेआठ झाले आहेत. आजचा दिवस सविस्तर लिहिते, कारण आत्या स्वतः लिहिणार नाहीत. स्वयंपाकघर म्हणजे अंगणातली पडवी, मधे तीन दगडांवर मातीचा तवा. त्याला कोमाल म्हणतात आणि भाकरी चिकटू नये म्हणून त्याला चुन्याच्या पाण्याचा हात देतात. मका कालच शिजवलेला होता: पाण्यात थोडा चुना घालून उकळायचा आणि रात्रभर तसाच मुरू द्यायचा. बाईंनी मूठभर दाणे आमच्या हातावर ठेवले. दोन बोटांत चोळले की साल सुळकन सुटते आणि आतला दाणा मऊ, पिवळसर निघतो. नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीवर पाणी पडल्यावर येतो तसा त्याला वास होता. याला निश्तामाल म्हणतात. दाणे धुऊन त्यांनी पाट्यावर घेतले. तो पाटा आपल्यासारखा सपाट नाही. तीन पायांवर उभा, पुढे उतरता, आणि वरवंटा दोन्ही हातांत धरून गुडघ्यांवर बसून वाटायचे. आत्यांना गुडघ्यांवर बसता येईना, तेव्हा बाईंनी पाटा उचलून लाकडी बाकावर ठेवला आणि वरवंटा त्यांच्या हातात दिला. आत्यांनी दोन हात मारले आणि बाई हसून काहीतरी म्हणाल्या. गाइडने भाषांतर केले: ‘यांना शिकवायला नको.’

माईआत्या: पन्नास वर्षे पुरण पाट्यावर वाटले आहे. मनगटाने नाही, खांद्याने वाटायचे असते, ते इथेही तसेच आहे. वहिनीने लिहायचे राहिले ते असे, की त्या भाकरीच्या पिठात मका, चुना आणि पाणी यांशिवाय काही नाही. ती तव्यावर आपल्या फुलक्यासारखी टम्म फुगली. सोबत मडक्यात शिजवलेला काळा घेवडा होता, फोडणी नाही, तेल नाही, फक्त मीठ आणि भाजलेले अव्होकाडोचे पान, ज्याला बडीशेपेसारखा वास येतो. आणि दगडी खलात वाटलेली टोमॅटो-मिरचीची चटणी. मी चार भाकऱ्या खाल्ल्या.

ताई: आत्या, तो चुना नुसता साल काढण्यासाठी नसतो. मक्यातले नायसिन नावाचे जीवनसत्त्व त्याच्याशिवाय शरीराला फारसे मिळत नाही. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, पण चुन्याची रीत नेली नाही. पुढे स्पेन आणि उत्तर इटलीत केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा जडला, कातडी सोलवटली, माणसे भ्रमिष्ट झाली, मेली. इथल्या बायकांना जीवनसत्त्व हा शब्द माहीत नव्हता, रीत माहीत होती. मला या सगळ्या स्वयंपाकात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते, आणि तीत चरबीचा थेंबही नाही.

नानाकाका: माहिती उत्तम आहे. माईला चार भाकऱ्या गेल्या याचा आनंद आहे. तथापि चौथ्या पानाचा प्रश्न अनुत्तरित आहे.

दादा: नानाकाका, कंपनीला आज तुमच्याच शब्दांत पत्र पाठवले आहे. हप्ता मात्र रोखता येत नाही, सर्व रक्कम आधीच भरलेली आहे.

नानाकाका: ती आधी का भरली, हा स्वतंत्र विषय आहे.

नाशिकच्या काकू: वन्सं, उद्याच्या उपासाचे काय केलेत? साबुदाणा नेला आहे का?

माईआत्या: साबुदाणा नाही, पण आज बाजारात राजगिऱ्याची वडी मिळाली! गोल, आपल्या चिक्कीसारखी. फुललेला राजगिरा, गुळासारखा पाक, शेंगदाणे आणि भोपळ्याच्या बिया. मी ओळखून ओरडलेच. इथे तिला आलेग्रिया म्हणतात, म्हणजे आनंद.

ताई: राजगिरा मूळचा इकडचाच आहे, आत्या. आस्तेक लोक त्याच्या पिठाच्या देवांच्या मूर्ती करून पूजेनंतर वाटून खात, म्हणून स्पॅनिश धर्मगुरूंना हे धान्य खुपत होते. इकडे ते कसेबसे टिकले, आणि आपल्याकडे उपासाच्या फराळात बसले. चिकूचेही तसेच, झाडही इकडचे आणि नावही.

नाशिकच्या काकू: राजगिरा चालेल, शेंगदाणे चालतील, पण भोपळ्याच्या बिया उपासाला चालतात का?

बापूमामा: लाल भोपळा चालतो, मग त्याच्या बियांनी काय घोडे मारले?

नाशिकच्या काकू: आमच्या सासूबाईंच्या वेळी बिया चालत नसत. मी त्यांच्याच घरात पस्तीस वर्षे स्वयंपाक केला आहे, म्हणून बोलते.

नानाकाका: आई बिया काढून टाकत असे हे खरे, पण ते उपासासाठी नव्हे, तर परसात पेरण्यासाठी.

माईआत्या: भांडू नका. मी बिया वेचून दादाला दिल्या आणि बाकीची वडी सकाळसाठी ठेवली आहे. काकू, तुमच्यासाठी चार वड्या बांधून घेतल्या आहेत, बियांसकट. परतल्यावर नाशिकला स्वतः आणून देईन. आणि पुढच्या वेळी गटावर न टाकता मी घरी फोन करीन.

नाशिकच्या काकू: याच, वन्सं. पुरणपोळी करते.

दादा: परवा सकाळी सात वाजता पुएब्लाला निघायचे आहे, साडेचार-पाच तासांचा रस्ता आहे. तिथे जेवणात चिलेस एन नोगादा असल्याचे कार्यक्रमात लिहिले आहे.

ताई: तो आत्यांसाठी नाही. मोठ्या हिरव्या मिरचीत खिमा आणि फळे भरतात, अंड्यात बुडवून तळतात, मग वर ताज्या अक्रोडाची पांढरी कढी आणि डाळिंबाचे दाणे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच मिळतो, दिसायला फार सुरेख असतो, तेव्हा वहिनीने जरूर खावा. आत्यांनी पावसाळ्यातल्या रानभाज्या मागाव्यात, केलितेस म्हणून. आणि भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेली भाकरी, मांतेका न लावता. चीजमध्ये बहुतेकदा रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेले विरजण, असते, तेवढे तुम्ही ठरवा.

माईआत्या: मग चीज नको. ताई, विचारायची वाक्ये देवनागरीत, मोठ्या अक्षरांत लिहून पाठव. वहिनी कागदावर उतरवून देईल, मी पर्समध्ये ठेवीन. गाइड असो वा नसो, मीच विचारीन.

ताई: नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो, नि वेवो. सिन मांतेका, पोर फावोर. सिन काल्दो दे पोयो. सिन असिएंतो, सिन केसो. म्हणजे मी मांस, कोंबडी, मासे, अंडे खात नाही; चरबी, कोंबडीचे पाणी, ती बेरी आणि चीज यांशिवाय द्या. शेवटी ‘ग्रासियास’ म्हणायला विसरू नका.

नानाकाका: ही वाक्ये चौथ्या पानाच्या मागील बाजूस लिहावीत.