अनुभव धागा: ब्रेकचा आवाज कसला, कधी, आणि शेवटी काय निघालं?

तिसरं_गेट

मंडळी, महिनाभर आमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून आवाज येतोय. सात वर्षांची साधी पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, तिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात), मागे ड्रम (फिरणारा डबा, त्याला आतून लायनर दाबतात), पंचावन्न हजार किलोमीटर झालेत. आवाज 'स्सर्र... स्सर्र' असा, कोयत्याला कानस हलकेच लावावी तसा. गंमत म्हणजे ब्रेकवर पाय ठेवला की बंद, काढला की पुन्हा सुरू. बेळगावात काँग्रेस रोडला भिंतीकडेने जाताना काच खाली असली की लाज वाटावी इतका ऐकू येतो.

दोन ठिकाणी दाखवलं. एकाने चाकाच्या फटीतून टॉर्च मारली आणि "पॅड चांगले हायत की, अजून वर्षभर जातील" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्याने खाली न वाकताच डिस्कसकट सगळं बदलायचा हिशेब लिहून दिला. घरात तिसरं मत आहे, की रेडिओ मोठा करा.

तर तुमचे अनुभव लिहा. आवाज कसला होता एवढंच नको, कधी यायचा तेही सांगा. पाय दाबल्यावर की सोडल्यावर, सकाळी थंड गाडीला की घाट उतरल्यावर. आणि शेवटी काय निघालं. गॅरेजची नावं नकोत, उगाच भांडणं होतात.

खानापूरचा_पाऊस

आमच्याकडे जून ते सप्टेंबर हा आवाज ठरलेलाच. गाडी दोन दिवस उभी राहिली की तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या ब्रेकला 'खर्रर्र'. पहिल्या वर्षी घाबरून मिस्त्रीला बोलावलं. तो हसला आणि म्हणाला, गल्लीच्या टोकापर्यंत चालवा, मग बोलवा. डिस्क बिडाची असते, पाऊस लागला की रात्रीतून तांबूस गंज धरते. पाच-सहा वेळा ब्रेक लागले की पॅडच तो खरवडून काढतात. जांबोटी क्रॉसपर्यंत आवाज गेला तर गंज, नाही गेला तर दुसरं काहीतरी, हे आमचं माप.

दुसरी गोष्ट हँडब्रेकची. गाडी धुतली, ओल्यातच हँडब्रेक ओढून लावली आणि चार दिवस लग्नाला गेलो. परत आलो तर गाडी जागची हलेना. जरा जास्त रेस दिली तसा मागून 'ठक्क' असा आवाज आला, मला वाटलं ॲक्सलच तुटला. ड्रमच्या आत लायनर चिकटला होता, तो सुटला. आता पावसात सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये उभी करतो आणि चाकाला दगड लावतो. हँडब्रेक ओढत नाही.

चिकोडी_अपडाऊन

माझा आवाज सगळ्यात भयानक आणि कारण सगळ्यात फालतू. ऊसाचा सीझन, रस्त्यावर खडी पसरलेली. अचानक पुढून 'किर्रर्र' असं किंचाळणं सुरू झालं, ब्रेक दाबा नाहीतर सोडा, थांबेचना. ट्रॅक्टरवाले वळून बघायला लागले. निपाणीत एका पंक्चरवाल्याने सांगितलं, दहा फूट मागं घ्या. घेतली. डिस्कच्या मागे पातळ पत्र्याचं कव्हर असतं, त्यात अडकलेला हरभऱ्याएवढा खडा टपकन खाली पडला. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

तिसरं_गेट

हे करून बघितलं. अख्ख्या गल्लीत रिव्हर्स फिरलो. खडा नाही.

शहापूरची_सून

माझा अनुभव आवाजाचा नाही, वासाचा आणि पायाचा आहे. तरी लिहिते, कारण आपल्याकडचे निम्मे लोक गोव्याला चोर्ला घाटानेच उतरतात.

माहेर डिचोलीला. चतुर्थीला निघालो, गाडीत पाच माणसं, डिकीत फराळाचे डबे. मी चालवत होते, शेजारी मामंजी. कणकुंबी सोडली तसं धुकं. उतार लागला आणि मामंजी म्हणाले, "न्यूट्रल टाक, पेट्रोल वाचतंय." मोठ्या माणसाशी गाडीत वाद नको म्हणून टाकलं. मग सगळा भार ब्रेकवर. पाच-सात वळणांनंतर जळक्या रबरासारखा वास यायला लागला. मागून सासूबाई म्हणाल्या, कुणीतरी टायर जाळतंय बाहेर. पुढच्या वळणाला पाय दाबला तर पेडल स्पंजावर ठेवल्यासारखं आत गेलं आणि गाडी हवी तशी थांबेना.

त्या क्षणी काय सुचलं देव जाणे. पेडल दोन-तीनदा भराभर दाबलं, थोडं वर आलं. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातली, इंजिन ओरडलं पण वेग तुटला. हँडब्रेक हळूहळू ओढला, तो तारेवर चालतो, ऑइलवर नाही. जरा रुंद जागा आली तिथे डोंगराच्या बाजूला घेतली. मामंजी बाटली घेऊन चाकांवर पाणी ओतायला उतरले. मागून आलेल्या ट्रकवाल्याने ओरडून थांबवलं, तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकडी होते, तडकतेसुद्धा. पाऊण तास तिथेच बसलो, घाटात बसून करंज्या खाल्ल्या. मग पेडल जसं होतं तसं परत आलं.

डिचोलीत दाखवलं तर ब्रेक ऑइल काळ्या चहासारखं. चार वर्षं बदललेलंच नव्हतं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ जातीचं नवीन ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की तीच हद्द १५५ च्या आसपास येते. उकळलं की बुडबुडे होतात, आणि आपण पाय दाबतो तेव्हा ब्रेक दाबला जायच्या ऐवजी बुडबुडाच दाबला जातो. आता दर दोन वर्षांनी बदलते, तारीख बॉनेटच्या आत स्केचपेनने लिहून ठेवलीय.

आणि ते पेट्रोल वाचवणं. हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत, गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला पेट्रोल जाणंच बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला पेट्रोल लागतंच. म्हणजे वाचत काहीच नव्हतं, उलट जास्त जळत होतं. मामंजींना हे तीनदा सांगितलं. ते कार्बोरेटरच्या जमान्यातले, म्हणतात पुस्तकी आहे.

बॉक्साइट_रोड

काकांना सांगा, आमच्या वडिलांचंही तेच आहे.

उद्यमबाग_लेथ

मी गॅरेजवाला नाही, लेथवाला. पण डिस्क आणि ड्रम टर्निंगला, म्हणजे घासून सपाट करायला, येतात, त्यामुळे दुसरी बाजू मला दिसते.

लोक म्हणतात ब्रेक मारला की गाडी थरथरते, डिस्क वाकली. बघा, स्टिअरिंग हलत असेल तर बहुतेक पुढची भानगड, सीट हलत असेल तर मागची. पण डिस्क लेथवर लावून डायल (वाकडेपणा मोजायचं घड्याळ) ठेवला की कितीदा तरी ती सरळच निघते. मग थरथर कशाची? कुठे पॅडचं मटेरियल जळून एका जागी चिकटलेलं असतं. कुठे हबवर, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागावर, गंजाची पापडी असते, त्यावर डिस्क तिरकी बसलेली. आणि कुठे पंक्चर काढताना पोराने नट एकाच बाजूने कचकचून आवळलेले. नट समोरासमोरचे आवळायचे असतात, गोल गोल फिरत नाही. केसाएवढा फरक असला तरी पायाला कळतो.

दुसरं, प्रत्येक डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते. टर्निंग मारून ती त्याच्या खाली जाणार असेल तर मी मारत नाही. "अजून एकदा घासा की" म्हणून हुज्जत घालणारे येतात. पातळ डिस्क लवकर तापते आणि लवकर तडकते. बेळगावात एवढ्या फाउंड्र्या आहेत, बिडाशी खेळू नये हे इथल्या माणसाला मी सांगायला पाहिजे काय?

धागेवाल्यांना: तुमचं चाक काढून कुणी बघितलं काय? टॉर्चने फक्त बाहेरचा पॅड दिसतो.

बॉक्साइट_रोड

पण हल्ली छोट्या गाडीची नवीन डिस्क आणि टर्निंगची मजुरी यात फारसा फरक उरला नाही. मी तर सरळ बदलतो.

उद्यमबाग_लेथ

बदला की. फक्त हब घासून घ्या, नाहीतर नवीन डिस्क पण थरथरेल.

हत्तरगीची_म्हैस

नाव याच प्रसंगावरून घेतलंय. नवीन गाडी, पहिलाच पावसाळा, हायवेवर म्हैस आडवी. करकचून ब्रेक मारला तर पेडलने पायाला उलट लाथ मारली आणि खालून 'घर्रर्रर्र'. मला वाटलं ब्रेक तुटला, आणि दचकून पाय काढला! तीच चूक. तो एबीएस होता. चाक घसरायला लागलं की तो ब्रेक सेकंदाला कितीतरी वेळा धरतो-सोडतो, तोच तो आवाज. अशा वेळी पाय दाबूनच ठेवायचा आणि स्टिअरिंग फिरवायचं. म्हैस हुशार होती, ती बाजूला झाली. नंतर रिकाम्या ओल्या मैदानात मुद्दाम चार वेळा मारून बघितला, म्हणजे पायाला ओळख राहते.

सौंदत्ती_वारी

यल्लम्माला जाताना ब्रेकचा लाल दिवा लागला. वाटेत एका ठिकाणी पोराने झाकण उघडून बघितलं, ऑइल कमी आहे म्हणाला, आणि हाताला लागेल ते ऑइल ओतलं. स्टिअरिंगचं होतं म्हणे. दोन दिवसांत ब्रेक धरले ते सुटेचनात, चारही चाकं गरम. आतले सगळे रबर फुगले होते. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलतो तो), कॅलिपरचे (पॅड धरून दाबणारा चिमटा) किट, मागचे व्हील सिलिंडर, पाइप, सगळं नवीन. खर्च विचारू नका, तेवढ्यात आणखी चार वाऱ्या झाल्या असत्या.

नंतर कळलं ते असं: गळती नसताना ऑइलची पातळी खाली जाते ती पॅड झिजतात म्हणून. पॅड पातळ झाले की त्यांना ढकलणारा पिस्टन बाहेर सरकतो आणि ऑइल त्याच्या मागे जातं. म्हणजे माझ्या गाडीला ऑइल नकोच होतं, पॅड हवे होते.

गोगटे_सर्कल

आवाज काहीच नाही. सिग्नलला पाय ठेवून उभं राहिलो की पेडल हळूहळू खाली जातं, मग परत दाबलं की वर येतं. खाली कुठे ओलं नाही, ऑइल पण कमी होत नाही. चालवू काय?

उद्यमबाग_लेथ

नको. मास्टर सिलिंडरचे सील आतल्या आत गळतायत. आजच दाखवा.

बॅटरीवाला

इलेक्ट्रिक गाडीची गोष्ट वेगळी. पाय सोडला की मोटरच गाडी अडवते आणि बॅटरी भरते, त्यामुळे खरे ब्रेक फार कमी लागतात. सकाळचा गंजाचा 'खर्रर्र' म्हणून आम्हाला जास्त दिवस पुरतो. पण एकदा आंबोलीत मुक्काम केला, रात्रभर लावून बॅटरी शंभर टक्के केली आणि सकाळी सावंतवाडीकडे उतरायला लागलो. पाय सोडला तर गाडी अडेचना, पळतेच आहे. बॅटरीत जागाच नव्हती, वीज ठेवणार कुठे? बिघाड नव्हता, पण पहिलं वळण अंगावर आलं. आता घाटाच्या डोक्यावर मुक्काम असला की ऐंशीला थांबवतो.

तिसरं_गेट

निकाल सांगायला आलो.

लेथवाल्यांचं वाचून चाक काढायचंच ठरवलं. गांधीनगरच्या बाजूला एक कन्नड मिस्त्री आहेत, वय झालेले. मी आवाज तोंडाने काढून दाखवायला लागलो तर हात वर करून थांबवलं. "सप्पळ यावाग बर्तैत्री?" आवाज कधी येतो ते सांगा. म्हटलं, ब्रेक सोडल्यावर येतो, दाबला की जातो. मान हलवली आणि जॅक लावला.

बाहेरचा पॅड सात मिलिमीटर, नव्यासारखा. आतला जेमतेम दोन. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यातल्या एकीचं रबर फाटून आत चिखल गेला होता आणि पिन जाम. त्यामुळे सगळा मार आतल्या पॅडवर. त्या पॅडला एक पोलादी पत्ती असते, पॅड संपत आला की ती डिस्कला घासावी आणि आवाज व्हावा म्हणून मुद्दामच बसवलेली. महिनाभर ती पत्ती बिचारी बोंबलत होती. ब्रेक दाबला की पॅड घट्ट बसायचा, पत्तीचं कापणं थांबायचं, म्हणून आवाज बंद. टॉर्चवाल्याला दिसला तो बाहेरचा पॅड, त्याचं खोटं नव्हतं.

पिना साफ करून ग्रीस, नवीन रबर, दोन्ही बाजूंचे पॅड. डिस्क वाचली. मजुरीसकट अठराशे रुपये.

गाडी ताब्यात देताना मिस्त्रींनी किल्ली दिलीच नाही आधी. म्हणाले, बसा, पेडल दाबा. दाबलं तर थेट तळाला! नवीन पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलतात, तो पुढे येईपर्यंत पहिले तीन-चार ब्रेक हवेतच जातात. जागेवरच दाबून पेडल घट्ट झालं, मग किल्ली मिळाली. पहिले दोन-तीनशे किलोमीटर करकचून मारू नका म्हणाले.

स्सर्र गेला. पण तो गेल्यावर मागून उजवीकडून एक 'टुक... टुक' ऐकू यायला लागलाय, खड्ड्यात गेलं की. इतके दिवस स्सर्रच्या खाली दबला असणार. स्टेपनीखालचा पाना सुटलाय असं वाटतंय, उद्या डिकी उघडून बघतो.