शेअर्ड लायब्ररी की प्रत्येक ॲपच्या पोटात वेगळी प्रत?

मुठाकाठ
नवीन सर्व्हिससाठी आमच्या टीमने ठरवलंय की सगळ्या लायब्रऱ्या (प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड) स्टॅटिक लिंक करून, म्हणजे सिस्टिमवरची सामाईक (शेअर्ड) प्रत न वापरता प्रोग्रॅमच्या फाइलमध्येच घालून, एकच बायनरी (थेट चालणारी फाइल) द्यायची. "एक फाइल कॉपी केली की झालं." माझा याला ठाम विरोध आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या इमेज डीकोड करणाऱ्या लायब्ररीत हीप बफर ओव्हरफ्लो (मेमरीत ठरलेल्या जागेबाहेर लिहिलं जाण्याचा दोष) सापडला. मुद्दाम बिघडवलेली एक इमेज उघडली, तरी हल्लेखोराचा कोड चालण्याची शक्यता होती. लिनक्सवर जे प्रोग्रॅम सिस्टिमचीच लायब्ररी वापरत होते, त्यांच्यासाठी एक पॅकेज अपडेट केलं की काम संपलं. इलेक्ट्रॉन या फ्रेमवर्कवर बनलेल्या प्रत्येक डेस्कटॉप ॲपमध्ये मात्र आख्खं क्रोमियम ब्राउझर आणि त्यात लिबवेबपीची स्वतंत्र प्रत. ज्या त्या कंपनीने नवी आवृत्ती काढेपर्यंत आपण वाट बघत बसायचं.

डिस्क आणि मेमरी वाचते हा जुना मुद्दा मी आणतच नाही. दुरुस्ती कोणाच्या हातात असावी, हा माझा प्रश्न आहे. सर्व्हर ज्याचा आहे त्याच्या, की ज्याने बायनरी दिली त्याच्या?

रानवारा
अजिबात सहमत नाही. तुम्ही क्लायंटच्या मशीनवर डिप्लॉय करता का? मी रोज करतो. उबुंटू २२.०४ या लिनक्सवर बिल्ड केलेली बायनरी आरएचईएल ८ या रेड हॅटच्या लिनक्सवर नेली की सुरूच होत नाही, 'जीलिबसी २.३४ सापडली नाही' असा एरर. जीलिबसी म्हणजे लिनक्सवरच्या जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमला लागणारी मूळ सी लायब्ररी. बिल्ड मशीनवर ती २.३५, तिकडे २.२८. उलट दिशेनेही तेच. उबुंटूने २२.०४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीची आवृत्ती ३ आणली, १.१ काढून टाकली, आणि १.१ शी लिंक केलेली चांगली चालणारी टूल्स तिची लिबएसएसएल ही फाइल मिळत नाही म्हणून बंद पडली. त्या टूलचा एक अक्षर कोड बदलला नव्हता!

विंडोज ९५ च्या काळातला 'डीएलएल हेल' आठवतो का? एका प्रोग्रॅमचा इन्स्टॉलर सिस्टिम फोल्डरमधल्या डीएलएलवर (विंडोजची शेअर्ड लायब्ररी) आपली जुनी आवृत्ती टाकायचा आणि भलताच प्रोग्रॅम कोसळायचा. शेवटी विंडोज एक्सपीमध्ये मायक्रोसॉफ्टला एकाच डीएलएलच्या अनेक आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवाव्या लागल्या.

आणि सुरक्षेबद्दल बोलायचं तर मार्च २०२४ चं एक्सझेड प्रकरण घ्या. बॅकडोर (मुद्दाम ठेवलेली चोरवाट) होता एक्सझेडच्या लिबएलझेडएमए या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत. दुरून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएच सर्व्हरला (एसएसएचडी) तिची गरजच नव्हती. पण डेबियन, फेडोरा वगैरेंनी 'सर्व्हिस सुरू झाली' एवढा निरोप सिस्टिमडीला (लिनक्सवर सर्व्हिसेस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) द्यायला एसएसएचडी लिबसिस्टिमडीशी जोडला होता, आणि लिबसिस्टिमडी ओढत होती लिबएलझेडएमए. एका निरोपासाठी परका कोड थेट लॉगिनच्या प्रोसेसमध्ये! आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरना एसएसएच लॉगिन साधारण अर्धा सेकंद रेंगाळतंय हे खटकलं, म्हणून ते उघडकीला आलं. पुढे ओपनएसएसएच या एसएसएच बनवणाऱ्या प्रकल्पाने आवृत्ती ९.८ मध्ये तो निरोप देणारा छोटा कोड स्वतःच लिहिला. हेच शहाणपण आहे. लागेल तेवढंच घ्या आणि आपल्याजवळ ठेवा.

केतकी_सी
दोघांनाही एकेक सांगते.

रानवारा, एक्सपीचं उदाहरण अर्धंच दिलंत. २००४ मध्ये जीडीआय प्लस या विंडोजच्या ग्राफिक्स लायब्ररीच्या जेपेग हाताळणीत सुरक्षेची मोठी भेग निघाली. एक्सपीने शेजारी-शेजारी ठेवलेली प्रत विंडोज अपडेटने दुरुस्त झाली. पण ज्या ॲप्सनी ती डीएलएल स्वतःच्या फोल्डरमध्ये आणली होती, त्या प्रती तशाच राहिल्या. त्या हुडकायला मायक्रोसॉफ्टला वेगळं स्कॅनिंग टूल द्यावं लागलं.

मुठाकाठ, 'पॅकेज अपडेट केलं की काम संपलं' हे धोकादायक वाक्य आहे. जी प्रोसेस आधीपासून चालू आहे, तिच्या मेमरीत जुनीच लायब्ररी मॅप केलेली असते. अपडेटनंतर एलएसओएफ (उघड्या फाइल्स दाखवणारी कमांड) चालवून बघा, डिलीट झालेल्या लायब्ररीची फाइल धरून बसलेल्या प्रोसेस दिसतील. त्या रीस्टार्ट होईपर्यंत भेग उघडीच आहे. डेबियन-उबुंटूवर नीडरीस्टार्ट हे टूल याचसाठी आहे.

मुठाकाठ
केतकी, मान्य. रीस्टार्ट धरायलाच हवा. पण तो माझ्या हातात आहे, हाच माझा मुद्दा.

रानवारा, एक्सझेड स्टॅटिक लिंक केलं असतं तर बॅकडोर गेला असता का? बिल्डमध्येच विष असेल तर ते बायनरीत उतरणारच. उलट शेअर्ड असल्यामुळेच डेबियनला एक पॅकेज मागच्या आवृत्तीवर नेऊन भागलं.

रानवारा
विष उतरलं असतं हे खरं, पण ज्या प्रोग्रॅमला ती लायब्ररी लागते त्यातच. एसएसएचडीत नाही. आणि आत काय आहे हे कळत नाही, असंही आता राहिलेलं नाही. गो भाषेतल्या बायनरीवर 'गो व्हर्जन' ही कमांड एम फ्लॅग लावून चालवा, कुठलं मॉड्यूल कुठल्या आवृत्तीचं ते समोर येतं. भेग निघाली की पुन्हा बिल्ड, पुन्हा डिप्लॉय. आमची पाइपलाइन हे रोज करते.

मुठाकाठ
कारण सोर्स तुमच्याकडे आहे! क्लायंटकडच्या जुन्या क्लोज्ड सोर्स सॉफ्टवेअरचं काय? व्हेंडरने सपोर्ट बंद केला की भेग दिसते, पण बुजवता येत नाही. एलजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सने हे केव्हाच ओळखलंय. त्या लायसन्सची लायब्ररी बंद प्रोग्रॅममध्ये स्टॅटिक लिंक केली, तर वापरणाऱ्याला नवी आवृत्ती पुन्हा लिंक करता यावी म्हणून ऑब्जेक्ट फाइल्स (लिंक करण्याआधीचे कंपाइल केलेले तुकडे) वगैरे उपलब्ध ठेवाव्या लागतात. अशी अट प्रत्येक खरेदीच्या करारात घाला, मग तुमच्या एका बायनरीला माझा विरोध नाही.

रानवारा
करारात अट घालायला माझी हरकत नाही. पण ऑब्जेक्ट फाइल्स हातात आल्यावर क्लायंटकडे लिंकर (ते तुकडे जोडून बायनरी बनवणारं टूल) चालवणार कोण? बहुतेक ठिकाणी ॲडमिनला एवढंच विचारायचं असतं, की नवी फाइल कधी मिळेल.