सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांचा वाढदिवस: बेस ठेवू का, आवाज किती ठेवू?

फेडर०१:
क्लबहाऊसमधल्या वाढदिवसाची डीजेची ऑर्डर आहे. हॉल साधारण ४० बाय २५ फूट, खाली टाइल्स, एक बाजू पूर्ण काचेची. मुलं ५०-६०, वय ३ ते १०. मोठी माणसंही तेवढीच. वेळ ७ ते १०. सामान: १५ इंची दोन अ‍ॅक्टिव्ह टॉप (स्टँडवरचे मुख्य स्पीकर), १८ इंची एक बेस (जाड आवाजाचा खालचा डबा), दोन कॉर्डलेस माईक, चार एलईडी पार (रंगीत दिवे) आणि स्मोक मशीन. हळदीला हेच जातं. यातलं काय घरी ठेवू? जंपिंगवाला (हवेने फुगवलेल्या, उड्या मारायच्या घराचा) आणि पॉपकॉर्नवालाही येणार आहेत. यजमानांना संगीत खुर्ची हवीच आहे.

लो_कट:
बेस घरी. हजार चौरस फुटांच्या हॉलला १५ इंची जोडी भरपूर होते. शिवाय बेसचा डबा दिसला की मुलं त्यावर चढून बसतात, जाळीला कान लावतात. मोठ्यांचा कान पाच फुटांवर असतो, पाच वर्षांच्या मुलाचा जेमतेम सव्वातीन फुटांवर. म्हणून टॉप स्टँडवर चढवा, हॉर्न (स्पीकरचा वरचा, तीक्ष्ण आवाजाचा भाग) सात फुटांच्या आसपास येऊ द्या आणि समोर तीन-चार फूट जागा टेबल लावून अडवा. स्टँडचे पाय पूर्ण फाकवा, पाइपातली लोखंडी पिन आरपार गेली का बघा, प्रत्येक पायावर वाळूची पिशवी ठेवा. पंधरा-सतरा किलोचा डबा सात फुटांवरून पडतो तो पळणाऱ्या मुलाच्या पायात वायर अडकून, त्यामुळे वायर स्टँडलाच बांधून सरळ खाली आणा आणि भिंतीच्या कडेने न्या.

आता आवाज. आवाजाचा मीटर कन्सोलजवळ (तुमच्या मिक्सरपाशी) धरून काही कळत नाही. खाली बसा, मुलाच्या कानाच्या उंचीला, स्पीकरच्या सर्वांत जवळ मूल जिथे उभं राहू शकतं तिथे मोजा. मीटरचं सेटिंग ए वेटिंग (कानाला जसं ऐकू येतं तसं मोजणारं), स्लो. तिथे ८५ डेसिबलच्या वर जाऊ नका. जागतिक आरोग्य संघटना आणि आयटीयू (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) यांच्या हेडफोनच्या मानकात मुलांसाठी हिशोब आठवड्याला ७५ डेसिबल, ४० तास असा आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८४ ला ५ तास, ८७ ला अडीच, ९० ला सव्वा तास. म्हणजे तीन तास ९० वर वाजवलंत तर दोन आठवड्यांहून जास्त कोटा एका संध्याकाळी संपला. हिशोब हेडफोनचा असला तरी कान तोच आहे. फोनवरचं अ‍ॅप चार-पाच डेसिबल चुकू शकतं, तेवढी जागा सोडा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आरडाओरड्यावर मास्टर (एकूण आवाज) चढवत जाणं. टाइल्स आणि काचेत मुलांचं किंचाळणंच जवळून ९० च्या वर जातं. तुम्ही चढवलं की ती आणखी ओरडतात. त्याऐवजी गाणं दोन सेकंद पूर्ण बंद करा, हॉल आपोआप खाली येतो.

अर्थिंग_आहे_का:
जंपिंगवाल्याबद्दल. ब्लोअरची मोटर साधारण एक-दीड एचपीची असते आणि चालू होताना कित्येक पट करंट ओढते. पॉपकॉर्न मशीन म्हणजे हीटर. १६ अँपिअरचा पॉइंट २३० व्होल्टला साडेतीन किलोवॉट देईल, पण क्लबहाऊसमध्ये तीन-चार पॉइंट एकाच एमसीबीवर (लोड वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर) टाकलेले असतात. एमसीबी पडला तर तुमचं फक्त गाणं थांबेल. जंपिंग मात्र आतल्या मुलांवर बसेल. म्हणून सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला घेऊन आधी डीबी (विजेच्या स्विचांची पेटी) उघडून बघा, ब्लोअरला स्वतंत्र लाइन द्या आणि तिथे दुसरं काहीही लावू देऊ नका.

स्पीकरमधून हम (सतत घूं असा आवाज) आला म्हणून अर्थची पिन काढू नका. लॅपटॉपच्या चार्जरमुळे येत असेल तर ऑडिओ लाइनमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (हम तोडणारा छोटा डबा) टाका. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर नको, टेबलावर. सरबत सांडतंच.

सावकाश_फ्लॅश:
स्मोक मशीनही घरी. नोझल तापलेलं असतं आणि खाली ठेवलं की झोत बरोबर मुलांच्या तोंडावर. दमा असलेलं मूल त्या ५०-६० त असणारच असं धरून चला. फवारा टाइल्सवर बसला की फरशी निसरडी होते. क्लबहाऊसला स्मोक डिटेक्टर असेल तर अलार्म वेगळाच. पार लाइट साऊंड मोडवर न ठेवता हळू कलर फेडवर. स्ट्रोब नकोच. मिरगीचा त्रास प्रकाशाने होणाऱ्यांत शाळकरी वयाची मुलं जास्त असतात.

डेकोरेटरला विचारा, फुग्यांत कोणता गॅस आहे. आपल्याकडे हेलियम म्हणून सर्रास हायड्रोजन भरतात, आणि तो हवेत ४ टक्क्यांपासून पेट घेतो. कोल्ड पायरो (ठिणग्या उडवणारं यंत्र) किंवा केकवरचं कारंजं त्याच्याजवळ येता कामा नये. स्नो स्प्रेतला गॅसही पेटतो, म्हणून मेणबत्त्या लागण्याआधी माईक तुम्ही घ्या आणि "स्प्रे खाली ठेवा" हे नाव न घेता दोनदा मोठ्याने सांगा.

फेडर०१:
बेस आणि स्मोक दोन्ही रद्द. संगीत खुर्चीला ६० मुलं कशी बसवू? आणि माईक मुलांच्या हातात द्यायचा का?

लो_कट:
साठ मुलांची संगीत खुर्ची करू नका. बाद झालेली चाळीस मुलं रिकामी होतात आणि मग वायरी ओढतात. सगळ्यांना स्टॅच्यू खेळवा, त्यात कोणी बाद होत नाही. यजमान ऐकतच नसतील तर सात ते दहा वर्षांच्या दहा-बारा मुलांची एकच फेरी घ्या, बिनहाताच्या खुर्च्या पाठीला पाठ लावून. गाणं ८ ते २५ सेकंदांत कधीही तोडा, तेही खुर्च्यांकडे पाठ करून, म्हणजे भांडण होत नाही. आधी कंट्रोलरचा (गाणी वाजवायच्या यंत्राचा) ब्रेक टाइम शून्य करा. तो वाढवलेला असेल तर थांबताना गाणं ओढलं जातं, मोठी मुलं ते ओळखतात आणि आधीच बसतात.

माईक तुमच्या हातात राहू द्या, मूल फक्त तोंड पुढे करेल. दिला की जाळी मुठीत आवळतं, माईक चारही बाजूंनी आवाज घ्यायला लागतो आणि शिट्टी सुटते. मूल कुजबुजेल किंवा किंचाळेल, मधलं काही नाही. गेन (माईक किती आवाज घेतो ते) किंचाळण्यावर लावा, १२० हर्ट्झला लो कट (त्याखालचा जाड आवाज कापणं) आणि एक लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर अडवणारा). गाणी आधी उतरवून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. यूट्यूबवरून लावलंत तर मध्येच जाहिरात लागते. फर्माईश आली की शब्द हेडफोनवर ऐकूनच सोडा, रीलवरच्या तीस सेकंदांनंतर पुढे काय आहे ते मुलांनाही माहीत नसतं.

अर्थिंग_आहे_का:
एक राहिलं. मूल सापडत नसेल तर माईकवर त्याचं नाव, कपड्यांचा रंग सांगू नका. ऐकणारा कोणीही नावाने हाक मारू शकतो. "अमुक आई-बाबांनी कन्सोलजवळ यावं" एवढंच, आणि दाराशी एक माणूस उभा करा.