त्रेपन्न सांगितलं की पस्तीस लिहितो

मुलगा दुसरीत आहे, ‘त्रेपन्न’ सांगितलं की ३५ लिहितो, रोज शंभरपर्यंत लिहून घेतलं तरी फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. कृपया लिहून घेणं थांबवा. तो चुकत नाहीये, तो नीट ऐकतोय! ‘त्रेपन्न’मध्ये तीन आधी ऐकू येतो, लिहिताना मात्र पाच आधी येतो. एकोणतीसचं तर आणखी अवघड; कानावर ‘तीस’ पडतं, म्हणून मुलं बेधडक ३९ लिहितात. याच अडचणीसाठी २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ अशा वाचनाची सोय केली होती. त्यावर केवढा गदारोळ झाला, पण मला तरी ती सोय मनापासून पटली होती.

माझ्या मुलीला जमलं ते खराट्याच्या काड्यांनी. दहा काड्या मोजायच्या, रबर लावून जुडी करायची, आणि हे सगळं तिनेच करायचं. पाच जुड्या डावीकडे, तीन सुट्या उजवीकडे. आधी ‘पन्नास आणि तीन’ म्हणायचं, मग ‘त्रेपन्न’, आणि लिहायचं सगळ्यात शेवटी. एकोणतीसला तीन जुड्या ठेवून एकीतली एक काडी काढून घ्यायची. एक कमी तीस, ते तिला डोळ्यांनी दिसलं.

पुढे हातच्याची वजाबाकी आली तेव्हा याच जुड्या उपयोगी पडल्या. ५२ मधून ७ द्यायचे तर सुट्या पुरत नाहीत, मग तिनेच एका जुडीचं रबर सोडलं. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. कंटाळला की काड्या उचलून ठेवा.