मदत हवी आहे: शाळेचा निरोप पालकांपर्यंत पोचतच नाही (जि. प. शाळा, नवीन वर्ष)

खडू_फळा
बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातली जि. प. शाळा. पहिली ते सातवी, पट ११८, घरं ८४, शिक्षक ४. गावठाण, दोन वस्त्या आणि एक तांडा. साधारण २५ मुलांचे आईवडील दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात.

व्हॉट्सॲप ग्रुपवर सुप्रभात आणि लग्नपत्रिकांचा पूर असतो, त्यात शाळेची सूचना वर सरकून जाते. म्हणून ब्रॉडकास्ट लिस्ट केली, तर निम्म्या नंबरांवर एकच टिक. जूनच्या पालक सभेला ११ जण. आधारची कामं, पुस्तकं, गणवेश, स्थलांतर हे सगळं आता सुरू होईल. निरोप पोचला की नाही हे कळेल अशी एखादी पद्धत सांगा. वेगळं ॲप नको, पैसेही नाहीत.

शाळामित्र
एका टिकेचा अर्थ मेसेज समोरच्या फोनपर्यंत गेलेला नाही. ब्रॉडकास्टमध्ये याचं नेहमीचं कारण म्हणजे त्या फोनात तुमचा नंबर सेव्ह नाही. तसं असेल तर मेसेज जातच नाही, आणि तो का गेला नाही हे व्हॉट्सॲप सांगत नाही. रिचार्ज संपलेला असेल किंवा सिम बदललेलं असेल तरी एकच टिक दिसते. त्यामुळे आधी नंबर सेव्ह करून घ्या. पालक मुलाला सोडायला दारात येतात तेव्हाच फोन हातात घेऊन नंबर 'शाळा' या नावाने घालून द्यायचा, आणि तिथूनच शाळेच्या फोनवर एक मिस्ड कॉल घ्यायचा. मग नंबर चालू आहे हेही कळतं. एका लिस्टमध्ये २५६ नंबर मावतात, तुम्हाला एक पुरे.

लिस्ट गुरुजींच्या स्वतःच्या नंबरवर करू नका. बदली झाली की लिस्ट त्यांच्याबरोबर जाते आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा शून्यापासून सुरुवात. शाळेचं वेगळं सिम घ्या, व्हॉट्सॲप चालणाऱ्या जुन्या स्मार्टफोनमध्येही चालेल.

ग्रुप ठेवायचाच असेल तर 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' हे सेटिंग चालू करा. तरी ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, हे आयांना आवडत नाही आणि ते बरोबरच आहे. गैरहजर मुलांची यादी, गुण, कुणाचं आजारपण यातलं काहीही तिथे टाकू नये.

दप्तर_वही
फोन हा दुसरा मार्ग, पहिला कागदच. एका ए-फोरचे चार तुकडे, ८४ घरांना २१ कागद. चिठ्ठी घरटी एकच, त्या घरातल्या मोठ्या मुलाकडे द्यायची. भावंडांना तीन-तीन दिल्या की घरात एकही वाचली जात नाही.

खाली तुटक रेघ मारून पोच ठेवा: मुलाचं नाव, सही किंवा अंगठा. चिठ्ठी शनिवारी सकाळच्या शाळेत सुटायच्या आधी द्या, पोच सोमवारी. बुधवारपर्यंत जी घरं उरतात त्यांनाच फोन. चार शिक्षकांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच येतात. फोन संध्याकाळी सातनंतर, कारण दिवसा तो वडिलांच्या खिशात शेतात किंवा कामावर असतो.

ज्या घरात वाचणारं कुणी नाही तिथे चाळीस सेकंदांचा आवाजी मेसेज. तांड्यासाठी तोच गोरमाटीत (बंजारा बोलीत), तिथल्याच एखाद्या आईच्या आवाजात. प्रवेशाच्या वेळी फॉर्मवर एक रकाना वाढवा: 'घरात वाचून कोण दाखवतं?' शिक्षण विचारलं की माणूस खोटं सांगतो, हे विचारलं की खरं सांगतो.

फाईलवाला
आधारच्या निरोपाबद्दल. शाळेच्या सूचना शासन निर्णयाच्या भाषेत निघतात आणि तिथेच घात होतो. 'विद्यार्थ्यांचे बायोमेट्रिक अद्ययावतीकरण प्रलंबित असल्याने पालकांनी त्वरित कार्यवाही करावी.' हे वाचून आईने नेमकं काय करायचं? त्याऐवजी:

'पहिलीतल्या मुलांच्या आधारला बोटांचे ठसे जोडायचे आहेत. पाच वर्षं झाली की ते द्यावे लागतात, सात वर्षांच्या आत मोफत होतं. मूल, त्याचं आधार आणि आई किंवा वडिलांचं आधार घेऊन बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या आधार केंद्रावर जा. मिळालेली पावती सोमवारी शाळेत दाखवा. अडचण आली तर शाळेच्या नंबरवर मिस्ड कॉल द्या.'

काय, कधी, कुठे, सोबत काय आणि अडलं तर कुणाला विचारायचं. एका चिठ्ठीत एकच काम.

दुसरी अडचण नावाची. जनरल रजिस्टरला 'संजीवनी' आणि आधारवर 'संजिवनी' असं असलं, इंग्रजी स्पेलिंग वेगळं असलं, की अपारचं (विद्यार्थ्याच्या राष्ट्रीय ओळख क्रमांकाचं) काम अडतं. जन्मदाखला समोर ठेवून चूक कुठे आहे ते आधी ठरवा, मगच पालकांना पळवा. नाहीतर आधार बदलून आणतात आणि मग कळतं की चूक रजिस्टरमध्ये होती. आणि अपारच्या पत्राला 'संमती' म्हणतात, तो हुकूम नव्हे. चिठ्ठी तशाच सुरात लिहा.

ऊसपट्टा
स्थलांतराचं काम दिवाळीला सुरू केलं तर उशीर झाला. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते आणि मूल कुणाकडे राहणार हे घरात ठरून गेलेलं असतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच घरोघर विचारा: कोण जाणार, आजी-आजोबांकडे कोण राहू शकतं, मुकादम (टोळी नेणारा ठेकेदार) कोण, कारखाना कोणता. मुकादमाचा नंबर यादीत हवाच. टोळी कुठल्या फडावर (उसाच्या शेतावर) आहे हे तोच सांगतो, आईवडिलांचा फोन तिकडे कित्येकदा बंद असतो.

मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह वेळेत पाठवा. जी मुलं जाणारच, त्यांच्या हातात शिक्षण हमी पत्रक (तिकडच्या शाळेत दाखवून शिक्षण चालू ठेवण्याचं पत्रक) द्या आणि तिकडच्या शाळेला फोन करा. पत्रक नुसतं दप्तरात राहिलं तर त्याचा उपयोग शून्य. घरी आजीच असेल तर सगळे निरोप आजीच्या नावाने. अडचणीतल्या मुलासाठी १०९८ हा नंबर त्याच चिठ्ठीच्या मागे छापा.

शाळामित्र
एक राहिलं. जूनमध्ये दुसऱ्या गावाहून मूल आलं आणि दाखला नसेल तर पालकांना परत पाठवू नका. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५: दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वर्गात बसवा, जुन्या शाळेला यूडायसवर (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर) मूल ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत टाकायला सांगा आणि पेन (विद्यार्थ्याचा कायमचा शिक्षण क्रमांक) घ्या.

खडू_फळा
मिस्ड कॉलची युक्ती उद्यापासून. पोचेची चिठ्ठी आजच टाईप केली. सभेचं मात्र कळत नाही. समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, कागदावर सगळं आहे. येत कुणी नाही.

दप्तर_वही
जूनमध्ये सकाळी अकराची सभा म्हणजे पेरणीच्या ऐन धांदलीत. कोण येणार? मोठी सभा पाऊस लागून पेरण्या आटोपल्यावर घ्या. तोवर प्रत्येक वस्तीवर संध्याकाळी साडेसहाला वीस मिनिटं, समाजमंदिरात किंवा पारावर. विषय दोनच. पहिला, ज्याची पालकांना खरोखर काळजी असते तो: पुस्तकं-गणवेश कधी, पोषण आहार पहिल्या दिवसापासून आहे का, डबा द्यायचा का. आधार, अपार नंतर. महिला सदस्यांना चिठ्ठीने बोलावू नका, बाईंनी स्वतः जाऊन बोलवावं. आणि तांड्याची सभा तांड्यावरच. त्यांना गावात बोलावलं की नायक (तांड्याचा प्रमुख) एकटा येतो.