दुखेपर्यंत दिलं तरच ते प्रेम का?

अंजिराखाली:
जय ख्रिस्त. काल एका भावाने लिहिलं, 'दिल्यावर दुखलं नाही तर ते प्रेमच नव्हे, बायबलमधल्या गरीब विधवेने मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे होती नव्हती तेवढी चिल्लर टाकली, आपण उरलंसुरलं टाकतो', आणि खाली आमेनची रांग. डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय. विधवेची ही गोष्ट मार्क १२:४१ पासून वाचता, मग आधीचं ४० वं वचन का गाळता? तिथे प्रभू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर बोलतोय, आणि पुढच्याच अध्यायात म्हणतो की या मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही. त्या बाईचं कौतुक आहेच, पण तिच्याकडे शेवटच्या दोनच टोल्या उरेपर्यंत गप्प बसलेल्यांचं काय? माझ्या वडलांनी आईच्या औषधाचे पैसे इमारत निधीला दिले, पाकिटावर नाव घालून, सगळ्यांसमोर. त्याग वडलांचा म्हणून गाजला आणि आई गोळ्या अर्ध्या तोडून पुरवत राहिली.

दिवटी:
ताई, वाचून वाईट वाटलं, पण एका घरावरून नियम होत नाही. प्रभूने त्या विधवेला थांबवलं का? मरियेने जटामांसीचं तेल प्रभूच्या पायांवर ओतलं, ३०० दिनारांचं, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई, आणि हिशेब कोणी काढला? प्रभूला पुढे धरून देणाऱ्या यहूदाने! कोल्बे फादर १९४१ साली ऑशविट्झच्या नाझी छळछावणीत अनोळखी कैद्याच्या जागी उपासमारीच्या कोठडीत गेले, ते काय परवडतं का बघून गेले?

अंजिराखाली:
मरियेने तेल दिलं ते स्वतःचं. कोल्बेंनी जीव दिला तो स्वतःचा, शेजारच्या कैद्याचा नाही. हेच तर म्हणतेय मी. मार्क ७ मधलं कुर्बान वाचा, आईबापाला द्यायचं ते देवाला वाहिलं म्हणून हात झटकणाऱ्यांना प्रभूने ढोंगी म्हटलंय.

तिसरा_बाक:
त्याग नंतर, आधी दशांश, कमाईचा दहावा हिस्सा, तरी द्या. मलाखी ३ स्पष्ट आहे. आणि तो ग्रॉस पगारावर, हातात येतो त्यावर नाही. प्रथमफळ, म्हणजे कमाईतला पहिला वाटा, देवाचं, टॅक्सवाल्यांचं नाही.

जुना_कोरसवाला:
झालं, ग्रॉस आला! जे पैसे मी बघितलेच नाहीत त्यावर दशांश कसला? मलाखी कोठारातल्या अन्नाबद्दल बोलतोय. जुन्या करारातलं अनुवाद नावाचं पुस्तक, अध्याय १४ उघडा, दशांश कुटुंबाने देवासमोर बसून आनंदाने खायचा, आणि दर तिसऱ्या वर्षी लेवी (मंदिरसेवा करणारं, जमीन नसलेलं कुळ), परके, अनाथ, विधवा यांनी पोटभर खावा म्हणून ठेवायचा. विधवेकडून घ्यायचा नाही, विधवेला द्यायचा! व्यासपीठावरून ऐकलंय कधी हे?

तिसरा_बाक:
पेन्शनसाठी कापतात ते पैसे पुढे हातात येतात ना? तेव्हा देता का दशांश?

जुना_कोरसवाला:
मी काय देतो ते विचारणारे तुम्ही कोण? मत्तय ६:३ वाचा, उजवा हात देतो ते डाव्याला कळू नये, आणि हे बोलणं मागे घ्या.

दिवटी:
अहो ग्रॉस-नेट थांबवा आता! प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला दानाबद्दल लिहिलेल्या पत्रात टक्का सांगितलाच नाही. मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः कंगाल होत्या तरी यरुशलेमेतल्या गरिबांसाठी शक्तीबाहेर दिलं, आपणहून, आम्हालाही देऊ द्या म्हणून विनवण्या करून. माझ्या बहिणीने नणंदेला किडनी दिली, मंडळीत कुणाला पत्ता नाही. विचारलं तर म्हणाली, घाबरले होते गं, पण न देता तिच्यासमोर जेवायला बसता आलं नसतं. हे प्रेम दुखलं, खूप दुखलं.

अंजिराखाली:
तुमच्या बहिणीपुढे मान झुकते. पण २ करिंथ ८ वाचताय तर १३ वं वचनही वाचा, दुसऱ्याला आराम आणि तुम्हाला भार असं नको, समानता हवी. आणि १ करिंथ १३:३, सगळं वाटून टाकलं, देह दिला, तरी प्रीती नसेल तर काही लाभ नाही. म्हणजे किती दुखलं हे माप नाहीच.

दिवटी:
ठीक आहे, माप नाही, मानलं. पण हात आखडणाऱ्यांना तुमचं लिहिणं फार सोयीचं पडेल.

अंजिराखाली:
पडेल, नाही म्हणत नाही. त्यांच्यासाठी तुम्ही लिहा, मीही आमेन म्हणेन. फक्त त्यात 'घरच्यांना विचारून द्या' एवढं घाला.

तिसरा_बाक:
नवराबायकोने मिळून ठरवावं हे मलाही मान्य. पण ग्रॉसवरच.